ऐन पितृपंधरवड्यात आलेली भुतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भुताखेतांची कार्टून मुलांना बिघडवतात, ती बंदच करावीत, असं एका पालकांचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या सदरात वाचलं. त्यांच्या काळजीतली अर्धी गोष्ट मला पटली. उरलेल्या अर्ध्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत आमचं नऊ खोल्यांचं लॉज आहे. अंबाबाईला आलेली माणसं एक रात्र उतरतात, पहाटे दर्शन घेऊन जोतिबाला जातात. दादाने ते उभं केलं आणि तो गेल्यापासून वहिनी आणि मी चालवतो. नेटफ्लिक्सवर ‘हॉन्टेड हॉटेल’ ही अॅनिमेशन मालिका आली १९ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे ऐन पितृपंधरवड्यात. सर्वपित्री दोन दिवसांवर होती आणि सोमवारी घटस्थापना. आम्ही नऊच्या नऊ खोल्यांच्या चादरी धुवायला काढल्या होत्या. भाचा म्हणाला, “आत्ती, जरा हे बघा, आपल्यासारखंच हाय.” आणि चादरींच्या घड्या घालत आम्ही दोघींनी ते बघितलं.

कॅथरिन नावाची बाई, पदरात दोन मुलं, नवरा सोबत नाही. भावाच्या माघारी त्याचं हॉटेल तिच्याकडे आलंय. हॉटेलात भुतंच भुतं, आणि त्यांत तिचा भाऊ नेथनही. जिवंतपणी बहीण-भावाचं फारसं येणं-जाणं नव्हतं. आता मात्र तो दिवसभर तिच्या मागे, धंदा कसा वाढवायचा याच्या कल्पना घेऊन. मालिका इंग्रजी, त्यामुळे भाचा एकेक वाक्य थांबवून मराठीत सांगत होता. नेथनने अशीच एक भन्नाट योजना मांडली तेव्हा वहिनींनी हातातली चादर खाली ठेवली आणि टीव्हीकडे बघून सरळ विचारलं, “आणि गिझरचं बिल कोण भरणार?” वीस वर्षं दादाला त्या हेच विचारत होत्या. नवरात्र आलं की दादाच्या डोक्यात काहीतरी नवीन निघायचंच: माडीवर पंगत, खोलीखोलीत गरम पाणी, जोतिबाला स्वतःची गाडी.

आता त्या पालकांच्या काळजीबद्दल. ही मालिका मोठ्यांसाठीच आहे. तिच्यात रक्त आहे, मुलांसमोर चालणार नाहीत असे प्रसंग आहेत. चित्रं हलतात म्हणून लहान पोराच्या हातात मोबाईल देऊन स्वयंपाकाला लागणं चूकच. त्यासाठी केंद्र सरकारच्या २०२१ च्या ऑनलाइन कार्यक्रमांसाठीच्या नियमांत सोय आहे. प्रत्येक कार्यक्रमावर वयाचा शिक्का असतो आणि यू/ए १३+ पासून वरच्या सगळ्याला कुलूप लावायची सोय द्यावीच लागते. ते कुलूप पाच मिनिटांत लागतं. पालकांनी ते लावावं. पण मुलांनी बघू नये म्हणून मोठ्यांसाठीही निघू नये, हे मला मान्य नाही. अॅनिमेशन म्हणजे बालवाडी, ही समजूतच आधी जायला हवी.

माझं खरं म्हणणं पुढेच आहे. ही गोष्ट परदेशातल्या लोकांना सुचली, आणि आपल्याला सुचली नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण भूत आणि घर यांचं नातं आपल्याइतकं कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा, पिंपळावर बसलेला. बाळंतपणात गेली ती हडळ. वासना मागे राहिली, वंश नाही, पुरलेल्या धनातून जीव निघत नाही, तो समंध. आपलं भूत कोणतं, ते ठरतं घरात काय अपुरं राहिलं त्यावरून. त्या मालिकेत अबॅडन नावाचा एक राक्षस अठराव्या शतकातल्या मुलाच्या देहात अडकलाय. बघता बघता वहिनी म्हणाल्या, “ह्यो मुंजाच की!” त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मुंज्यावर २०२४ मध्ये हिंदी सिनेमा आला, तो केला मराठी दिग्दर्शकाने. म्हणजे माल आपलाच आहे.

मेलेल्यांवर हसणं हा अपमान, असंही त्या पत्रात होतं. दादाचं रक्षाविसर्जन मला आठवतं. पंचगंगेकाठी नैवेद्य मांडला होता: भात, वडी, त्याच्या आवडीची खारी आणि चहाचा कप. कावळे भिंतीवर ओळीने बसलेले, पण एकही खाली उतरेना. थोरल्या काकांनी हात जोडून सांगितलं, पोरीच्या लग्नाचं आम्ही बघतो. नाही. मेहुण्यांनी सांगितलं, बँकेचं बघतो. नाही. ऊन चढलं, चहावर साय आली. शेवटी वहिनी पुढे झाल्या आणि दादा समोर उभा असल्यासारख्या बोलल्या, “लॉज इकत न्हाई मी. आणि गिझर पण बसवतो. झालं आता?” एक कावळा उतरला, भाताला शिवलासुद्धा नाही, खारीचा तुकडा उचलला, चहाच्या कपात बुडवला आणि उडाला. दादा खारी अशीच खायचा. तिथे जमलेली चाळीस माणसं आधी गप्प झाली, मग हसली, आणि हसता हसता सगळ्यांचे डोळे वाहायला लागले. तो अपमान नव्हता. दादाला आम्ही तसाच निरोप दिला.

भूत मानावं की न मानावं, हा वेगळा विषय आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला पूर्ण मान्य आहे आणि बुवा-मांत्रिकांची भलामण करणारं काही मला नकोच आहे. मला हवी आहे ती घरातून गेलेल्या माणसाशी चाललेल्या बोलण्याची गोष्ट.

आणि ती कोल्हापुरात व्हावी. अॅनिमेशन मराठी माणसाला नवं नाही, दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्येच आगपेटीतल्या काड्या हलवून चित्रपट केला. आणि कोल्हापूरला सिनेमा नवा नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः बनवला, आणि १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा उतरला की सेन्सॉरने त्यावर आक्षेप घेतला. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा जन्म इथलाच, १९२९ चा. मोरेवाडीला चित्रनगरी आहे. कलानिकेतन आणि दळवीज आर्ट्स या इथल्या चित्रकलेच्या संस्थांमधून दरवर्षी हाताला वळण असलेली पोरं बाहेर पडतात, आणि त्यांतली कितीतरी पुण्या-मुंबईत दुसऱ्यांच्या कार्टूनची चित्रं रंगवत बसतात. त्यांना एक मराठी मालिका करायला द्या, मोठ्यांसाठी, दहा भागांची. एखादा जुना वाडा, त्यात विधवा सून, तिची मुलं, माडीवर समंध झालेला सासरा आणि परसातल्या पिंपळावर मुंजा. बोली आमची असू द्या. वहिनींना ती भाच्याने थांबवून समजावून सांगायला लागू नये.

आपल्या दैनिकातून चित्रनगरीच्या आणि मराठी वाहिन्यांच्या कानावर हे घालावं, ही विनंती. लिहिणाऱ्यांना गोष्टी हव्या असतील, तर वहिनींकडे आणि माझ्याकडे नऊ खोल्यांच्या भरपूर आहेत. नवरात्र सोडून कधीही यावं, खोली रिकामी ठेवू.

आपली,
एक वाचक भगिनी,
महाद्वार रोड परिसर, कोल्हापूर