‘रिपीटर’ अर्ध्यावर बंद करणाऱ्या मित्रास

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. फुगाझी या अमेरिकन रॉक बँडचा ‘रिपीटर’ हा अल्बम तू अर्ध्यावर बंद केलास आणि त्यातला गायक इतका का ओरडतो, असे विचारलेस, म्हणून हे सविस्तर उत्तर. माझ्या मते या अल्बममधले ओरडणे तुला वाटते त्याहून बरेच कमी आहे, आणि जे आहे ते मोजूनमापून केलेले आहे.

तो गायक म्हणजे इयन मॅकाय, पूर्वीचा वॉशिंग्टन डीसीच्या ‘मायनर थ्रेट’ या हार्डकोअर (म्हणजे पंक रॉकचा अधिक वेगवान, आक्रमक प्रकार) बँडचा गायक. त्या बँडची बहुतेक गाणी सुसाट वेगाने येत आणि तशीच संपत. तोच वेग पुन्हा उगाळण्यात त्याला रस उरला नव्हता. १९८६-८७ च्या सुमारास बेसवादक जो लॅली याच्यासह त्याने फुगाझी उभा केला आणि ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या बँडमधले ड्रमवादक ब्रेंडन कॅन्टी व गायक गाय पिचोटो त्यात आले. १९८९ चा ‘थर्टीन साँग्ज’ म्हणजे दोन ईपींचा (अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्डांचा) एकत्र संग्रह. त्यामुळे पहिला खरा स्टुडिओ अल्बम ‘रिपीटर’च. मॅकायच्याच डिसकॉर्ड रेकॉर्ड्स या कंपनीने तो १९९० च्या एप्रिलमध्ये काढला.

पिचोटो फुगाझीत आधी मुख्यतः गात असे. इथे तो गिटारही हाती घेतो, आणि बँडची सगळी रचनाच बदलते. दोन गिटारींनी एकच सुरावट जाड करायची, ही रॉकमधली सोपी वाट मॅकाय आणि पिचोटो घेत नाहीत. एकाने आघात करून जागा सोडायची आणि दुसऱ्याने त्या जागेत किंचाळून उत्तर द्यायचे, असा त्यांचा सवाल-जवाब चालतो. चाल मात्र बहुतेक वेळा लॅलीचा बेस पेलतो, आणि त्याने रेगे व डब हे जमैकाचे बेसप्रधान संगीत मनापासून ऐकले आहे हे लपत नाही. ‘टर्नओव्हर’च्या आरंभी गिटारचा आवाज हळूहळू फुगत येतो आणि मग बेस शिरतो, तेवढाच भाग हेडफोन लावून ऐक.

ध्वनिमुद्रण व्हर्जिनियातील अर्लिंग्टनच्या ‘इनर इअर’ स्टुडिओत, ध्वनिमुद्रक डॉन झिएन्टारा यांच्याकडे झाले. निर्माता टेड नाइसली तेव्हा पाकशास्त्र शिकत होता, त्यामुळे कामाची वेळ ठरली सकाळी नऊ ते दुपारी एक. (रॉक बँड आणि सकाळचे नऊ!) रात्रभर जागून आवाजाच्या थरांवर थर चढवण्याची चैन त्यांना नव्हती, आणि त्याचा फायदाच झाला असे मला वाटते. अकरा गाणी, जेमतेम पस्तीस मिनिटे, आणि त्यांत फापटपसारा जवळजवळ नाहीच.

त्या काळात वॉशिंग्टन शहर क्रॅक कोकेन आणि खुनांनी पोखरले होते. शीर्षकगीतात बाहेरची गोळीबाराची चाहूल आहे, आणि मेलेल्यांची गणती अंगवळणी पडलेले शहरही आहे. ‘मर्चंडाइज’मध्ये मॅकाय विकत घेण्याच्या हव्यासावर तुटून पडतो, आणि तो उपदेश वाटत नाही, कारण बँड स्वतः टी-शर्ट विकत नसे, तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवी आणि कोणत्याही वयाच्या श्रोत्याला आत घेई. शेवटी लोकांनीच ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नव्हे’ असे छापलेले टी-शर्ट विकले, हा भाग वेगळा.

सगळे गुण गाणार नाही. ‘स्टायरोफोम’ मला आजही सपाट वाटते, आणि ‘रीप्रोव्हिजनल’ हे त्यांच्याच जुन्या गाण्याचे नवे रूप असल्याने नसते तरी चालले असते.

परंतु अखेरचे ‘शट द डोअर’! अमली पदार्थाच्या अतिसेवनाने गेलेल्या एका स्त्रीचे हे गाणे. बेस आणि गिटार जवळजवळ कुजबुजतात, मॅकाय खालच्या आवाजात गातो, आणि तू ज्याच्याविषयी तक्रार केलीस तो आरडाओरडा इथे इतका उशिरा व इतका थोडा वेळ येतो, की तो संपल्यावरची शांतता अधिक जड होते. हार्डकोअरला अशी वाट पाहणे माहीत नव्हते. पोस्ट-हार्डकोअर, म्हणजे हार्डकोअरमधूनच निघालेला पण नुसत्या वेगापलीकडे जाणारा प्रकार, नेमका काय, हे मला या एका गाण्याने सर्वांत नीट सांगितले.

सीडीवर यानंतर तीन जादा गाणी जोडलेली आहेत. ती गाणी वाईट नाहीत, पण पहिल्या खेपेस ‘शट द डोअर’पाशीच थांब. तुला मॅकायपेक्षा पिचोटोची गाणी जास्त रुचतील, विशेषतः ‘ब्लूप्रिंट’, असा माझा अंदाज आहे. तो चुकला असेल तर सविस्तर भांडण्यासाठी पत्र लिही.

तुझा,
अनिरुद्ध