समुद्रतळावरची धुराडी मुलांना दाखवायची तर

नागपूर,
रविवार

प्रिय अनघा,
सप्रेम नमस्कार.

समुद्रतळावरच्या गरम झऱ्यांबद्दल मुलांना काय सांगावं, असं तू विचारलंस. विषय फार छान निवडलास. आपल्यापासून समुद्र लांब, म्हणून सुरुवात सीताबर्डीच्या टेकडीच्या काळ्या दगडापासून कर. बसाल्टचा एक तुकडा मुलांच्या हातात दे. महासागराचा तळही याच जातीच्या दगडाचा आहे. तो जिथे फाटतो, तिथे समुद्राचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, शिलारसाच्या उष्णतेने तापतं आणि दगडातलं लोखंड, तांबं, जस्त, गंधक घेऊन परत वर उसळतं.

1977 साली गॅलापागोस बेटांजवळ, सुमारे 2,500 मीटर खोलीवर, ‘ॲल्विन’ पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना असे झरे सापडले. त्यांच्याभोवती जीवांची दाटी होती. काळा धूर ओकणारी धुराडी, म्हणजे अशा झऱ्यांच्या तोंडाशी खनिजं साचून बनलेल्या उंच नळ्या, 1979 मध्ये मेक्सिकोजवळ मिळाली. त्यांतलं पाणी 350 अंशांच्या आसपासचं. मुलं हमखास विचारतील, मग वाफ का होत नाही? तिथला दाब आपल्या हवेच्या 250 पट असतो, म्हणून. आणि तो धूर खरा धूर नव्हेच. 2 अंशांच्या थंड पाण्याला भेटताच विरघळलेले धातू गंधकाशी जुळून बारीक कणांच्या रूपात वेगळे होतात, तेच काळे दिसतात.

गरम रंगीत पाण्याची बाटली थंड पाण्यात सोडायचा प्रयोग सगळेच करतात. त्यातून गरम पाणी वर चढतं एवढंच कळतं. दोन निवळ पाणी भेटून धूर कसा होतो, ते कळत नाही. त्यापेक्षा हे कर.

आदल्या रात्री लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा चुना ढवळून बाटली गच्च बंद ठेव. उघडी राहिली तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर पांढरी साय धरते. सकाळी गाळ न हलवता वरची निवळी ओतून घे. ती थेट गॅसवर तापवू नकोस, कारण चुना गरम पाण्यात कमी विरघळतो आणि निवळी आधीच गढुळते. त्याऐवजी दोन वाट्या निवळीत एक वाटी उकळतं पाणी घाल. (खऱ्या धुराड्याची पहिली भिंतही अशाच, गरम पाण्यात कमी विरघळणाऱ्या पदार्थाची बनते. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट तापलं की साचतं.)

पाच लिटरच्या काचेच्या बरणीत माठाचं किंवा फ्रिजचं गाळलेलं पाणी घे. उन्हाळ्यात आपल्या नळाचं पाणी चालणार नाही, गरम-थंडातला फरकच उरत नाही. त्यात तीन चमचे खायचा सोडा पूर्ण विरघळव. शाईच्या छोट्या बाटलीत दोन गिट्ट्या टाक, गरम निवळी अगदी काठोकाठ भर, गळ्याला दोरा बांधून सावकाश तळाशी सोड. हवा राहिली तर बाटली कलंडते आणि बुडबुड्यांनी सगळं ढवळून निघतं. नीट सोडलीस तर तोंडातून पांढरा लोट वर चढताना दिसेल. बरणीमागे काळा कागद लाव. चुना डोळ्यात गेला तर इजा होते, म्हणून ओतणं तुझ्याच हातांनी.

लोट पांढरा का, असं विचारलं तर सांग, हे चुना आणि सोडा भेटून झालेलं कॅल्शियम कार्बोनेट आहे. अटलांटिक महासागरात 2000 साली सापडलेली ‘लॉस्ट सिटी’ची धुराडी यामुळेच पांढरी आहेत. तिथलं पाणी 40 ते 90 अंशांचं, पण धुराडी 60 मीटरपर्यंत उंच!

आता जीवांकडे ये. माणसाहून उंच वाढणाऱ्या नळीकृमीला तोंड नाही, आतडंही नाही. त्याच्या लाल पिसांतलं रक्त ऑक्सिजन आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, दोन्ही वाहून नेतं. शरीरातले जिवाणू या दोघांच्या संयोगातून ऊर्जा मिळवून कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. इथे एक कळकळीची विनंती. ‘या जीवांचा सूर्याशी काही संबंध नाही’ असं सांगू नकोस. अन्न सूर्यप्रकाशाविना बनतं हे खरं, पण तो ऑक्सिजन वरच्या उजेडातल्या वनस्पतींनीच तयार केलेला असतो. अर्धवट वाक्य मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं की पुढे काढणं जड जातं.

हिंदी महासागरातली लोखंडी खवल्यांची गोगलगाय जरूर सांग. तिच्या पायावरच्या खवल्यांत आयर्न सल्फाइड असतं. आणि डिसेंबर 2024 मध्ये आपल्या चेन्नई आणि गोव्याच्या संस्थांनी हिंदी महासागरात 4,500 मीटर खोलीवरच्या धुराड्याचं छायाचित्र घेतलं, तेही सांग.

वर्गात करण्याआधी एकदा घरी करून बघ आणि लोट किती उठला ते कळव.

तुझीच,
वैशाली