चिन समाज मिशनने घडवला?

संपादक महोदय,

म्यानमारच्या पश्चिमेकडील डोंगरांत राहणाऱ्या चिन लोकांपैकी निर्वासित झालेल्यांच्या बातम्यांत 'मिशनऱ्यांनी घडवलेला समाज' असा सूर असतो. तो अर्धवट आहे. १८९६च्या चिन हिल्स रेग्युलेशन या कायद्याने इंग्रजांनी गावप्रमुखांमार्फतच घरपट्टी आणि वेठ वसूल केली. बंदुका त्याआधीच काढून घेतल्या होत्या. १८९९मध्ये कार्सन हे अमेरिकन मिशनरी दांपत्य चिन डोंगरांतल्या हाखा गावी आले, पण धर्मांतर बराच काळ संथच होते. अडचण धर्मतत्त्वाची कमी, व्यवहाराची जास्त. आजारपणात भुताखेतांना डुक्कर किंवा मिथुन (गव्यासारखे पाळीव जनावर) बळी द्यायचा, घर कर्जात बुडायचे. मिशनच्या दवाखान्याने हा खर्च वाचवला. मात्र मिशनने 'झू' ही घरची दारू सोडायला लावली आणि ते लोकांना जड गेले.

जुने बळी आणि मिशन यांपलीकडची तिसरी वाट खुद्द एका चिनाने काढली, तिचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. चिन डोंगरांच्या उत्तरेतल्या तेदिमकडील पाउ चिन हाउने बळी बंद करून एकाच देवाची, पासिआनची, उपासना सांगितली. हजारावर चिन्हांची लिपीही रचली. शिकायला ती फार अवघड, म्हणून पुढे ५७ चिन्हांवर आणली: २१ व्यंजने, ७ स्वर, ९ अंत्य व्यंजने, उच्चारातला सुराचा चढउतार दाखवणारी २० चिन्हे. तरी शाळांत मिशनची रोमन लिपीच टिकली, कारण छापील पुस्तके तिच्यात होती. १९१७मध्ये, पहिल्या महायुद्धात, इंग्रजांची फ्रान्ससाठी मजूरभरती सुरू होताच हाखा भागात उठाव झाला, हेही विसरू नये.

– एक वाचक, पुणे