एडिसनहून आप्पांना: जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाविषयी

एडिसन, न्यू जर्सी
२० जुलै २०२५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. तुम्ही म्हणालात, "देश म्हणजे धर्मशाळा नव्हे. आपणसुद्धा जन्माने नागरिकत्व देणं बंद केलंच ना? मग ट्रम्पने केलं तर तुम्ही एवढ्या का अस्वस्थ?" प्रश्न वकिलाचा आहे. त्याला घाईत उत्तर द्यावंसं वाटेना, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हुकूम काय आहे ते सांगते, कारण तिकडच्या बातम्यांत तो अर्धाच आला असं दिसतं. इथे आजवरचा नियम असा की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेलं मूल अमेरिकन, आईबाप कोणीही असोत. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांची मुलं तेवढी वगळलेली. २० जानेवारीला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी हुकमावर सही केली. त्यानंतर तीस दिवसांनी जन्मणाऱ्या मुलांना हा नियम लागू नाही, जर आई बेकायदा राहत असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना असलेला, नसेल. पण तेवढ्यावर हुकूम थांबत नाही. आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल तरीही तेच. म्हणजे एच-वन-बीवाले (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचे) आले, विद्यार्थी आले, आम्ही सगळेच आलो. इथल्या मराठी मंडळात निवडणुकीआधी बरेच जण म्हणायचे की कारवाई होईल ती चोरून आलेल्यांवर, आपण रांगेतून आलेलो आहोत. हुकूम नीट वाचल्यावर त्यातल्या अनेकांची झोप उडाली.

आमच्या वरच्या मजल्यावर नाशिकचं एक जोडपं राहतं. दोघंही एच-वन-बीवर, पहिलं बाळ ऑक्टोबरात. डोहाळजेवणाच्या तयारीत ती मला विचारत होती, "ताई, बाळाला कोणता व्हिसा लागेल?" हुकमात त्याचं उत्तर नाही. जन्मतः ज्याच्या हातात कोणताच व्हिसा नाही, त्या बाळाने इथे कोणत्या नात्याने राहायचं? आपल्या कायद्याप्रमाणे त्याची नोंद वर्षभरात भारतीय वकिलातीत करता येईल, नागरिकत्व मिळेल. पण ज्यांच्या देशात तशी सोय नाही, त्यांची बाळं कोणत्याच देशाची राहणार नाहीत.

आता तुमचा मुद्दा. आपल्या १९५५च्या कायद्यात भारतात जन्मलेलं प्रत्येक मूल नागरिक होतं. १ जुलै १९८७पासून आईबापांपैकी एक भारतीय हवा ही अट आली. आसामातल्या बांगलादेशी स्थलांतरितांचा प्रश्न त्यामागे होता. ३ डिसेंबर २००४पासून आणखी एक अट, की दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. ब्रिटनने हे १९८३मध्ये केलं, ऑस्ट्रेलियाने १९८६मध्ये, आणि आयर्लंडने २००४मध्ये सार्वमत घेऊन. तेव्हा असं करणारा प्रत्येक देश क्रूर आहे, असं मी म्हणणार नाही. पण आप्पा, आपल्या घटनेच्या कलम ११ने नागरिकत्वाचा कायदा करण्याचा अधिकार संसदेकडे सोपवला आहे. संसदेने दिलं, संसदेने बदललं. आयर्लंडच्या घटनेत होतं, तर लोकांकडे जाऊन घटना बदलली. अमेरिकेत हा नियम खुद्द घटनेत आहे, चौदाव्या दुरुस्तीच्या पहिल्याच वाक्यात. तो बदलायचा तर काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत आणि पन्नासपैकी ३८ राज्यांची मंजुरी. एका माणसाच्या सहीने तो पुसता येत असेल, तर घटनेतलं उरलेलं काय सुरक्षित राहिलं? कोर्टात उभे असता तर हाच पहिला मुद्दा तुम्ही मांडला असता.

आणि तो घटनेत का घातला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १८५७मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सांगितलं की काळा माणूस, गुलाम असो की मोकळा, या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. यादवी युद्ध झालं, लाखो माणसं मेली, गुलामगिरी गेली. पण नागरिकत्व पुन्हा एखाद्या न्यायाधीशाच्या किंवा सत्ताधाऱ्याच्या मर्जीवर राहू नये, म्हणून १८६८मध्ये ते घटनेत लिहून टाकलं. आईबापांचा दर्जा मुलाच्या कपाळी लागू नये, हा त्याचा गाभा. बापाचा दर्जा मुलाला वारशाने मिळणं म्हणजे काय, हे आपल्या मातीतल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. याच दुरुस्तीतली कायद्याच्या समान संरक्षणाची हमी आपल्या कलम १४मध्ये आली आहे, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलं होतंत.

ट्रम्प यांचे वकील म्हणतात की ही दुरुस्ती फक्त गुलामांच्या मुलांसाठी होती. ते पटत नाही. १८६६मध्ये सिनेटमध्ये चर्चा चालू असताना पेन्सिल्व्हेनियाच्या कोवन यांनी हीच शंका काढली होती, की चिनी लोकांची मुलंसुद्धा नागरिक होणार का? कॅलिफोर्नियाचे कॉनेस, जे स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले, त्यांनी उठून सांगितलं की होय, व्हायलाच हवीत. शंका तेव्हाच विचारली गेली होती आणि उत्तरही तेव्हाच मिळालं होतं.

पुढे त्याची परीक्षा झाली ती वाँग किम आर्क या स्वयंपाक्याच्या खटल्यात. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, आईबाप चिनी. त्या काळच्या कायद्याने चिनी माणसाला नागरिक होता येत नसे. १८९५मध्ये चीनहून परत आला तेव्हा त्याला उतरू दिलं नाही, कित्येक महिने बंदरातल्या बोटींवर अडकवून ठेवलं. १८९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की तो जन्माने नागरिक आहे. याच न्यायालयाने दोनच वर्षांपूर्वी, प्लेसीच्या खटल्यात, काळ्यांसाठी वेगळे रेल्वे डबे मान्य केले होते. इतक्या संकुचित काळातल्या न्यायाधीशांनाही घटनेचं वाक्य वाकवता आलं नाही. (त्या डब्यांच्या विरोधात एकट्याने ठामपणे लिहिणारे न्यायमूर्ती हार्लन मात्र इथे चिनी मुलाच्या विरुद्ध गेले. मला ते वाचून फार वाईट वाटलं.)

तुम्हाला वाटेल, चिन्यांच्या खटल्याशी आपला काय संबंध. संबंध आहे. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात न्यायालयाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिक होता येणार नाही. १९४६पर्यंत हे चाललं. ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांनी शेतजमीन घ्यायची नाही, असा कॅलिफोर्नियाचा कायदा होता. इंपीरियल व्हॅलीत कष्ट करणारे पंजाबी शेतकरी उघड्यावर आले. त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली होती. त्यांनी जमिनी इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर केल्या, कारण मुलं नागरिक होती. बापाला जे नाकारलं ते मुलाला मिळालं, तेही त्या चिनी स्वयंपाक्याच्या निकालामुळे.

आमच्या घरचं तुम्हाला ठाऊकच आहे. ओम इथे जन्मला, तो अमेरिकन. मुक्ता कराडला जन्मली आणि दोन वर्षांची असताना आली. शाळा इथली, मैत्रिणी इथल्या. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज २०१४चा, आणि भारतीयांची रांग या जुलैतही २०१३च्या जानेवारीत अडकलेली, कारण कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाकाठी सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत असा नियम. मुक्ता २१ वर्षांची झाली की आमच्या व्हिसावर राहू शकणार नाही. तिची काळजी मी रोज करते. ओमची करावी लागत नाही. या हुकमाने मुक्ताची अडचण सुटणार नाही, इथे जन्मणारी पुढची मुलंही तिच्या जागी येऊन उभी राहतील.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आज जन्मदाखला दाखवला की पुरे. उद्या प्रत्येक बाळंतिणीला स्वतःची आणि नवऱ्याची कागदपत्रं मांडावी लागतील, ती खरी अमेरिकन असली तरी. कागदावर नागरिकत्व ठरवायला गेलं की काय होतं ते आसामात २०१९मध्ये दिसलं. एकोणीस लाखांहून जास्त माणसं नागरिक नोंदणीच्या (एनआरसीच्या) यादीबाहेर राहिली.

कोर्टाचं म्हणाल तर, हुकूम निघाल्यावर तीनच दिवसांत सिएटलच्या न्यायाधीश कुगनॉर यांनी तो रोखला. ते ट्रम्प यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेले आहेत. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीनने सांगितलं की खालच्या न्यायाधीशांनी सबंध देशासाठी मनाई हुकूम देऊ नयेत. ट्रम्प यांचा हुकूम घटनेला धरून आहे की नाही, याला त्यांनी हातच घातला नाही. तुम्ही वाचलेली "ट्रम्प जिंकले" ही बातमी त्यामुळे अर्धवट आहे. १० जुलैला न्यू हॅम्पशायरमध्ये न्यायाधीश लाप्लांट यांनी देशभरच्या अशा बाळांचा सामूहिक दावा मान्य करून पुन्हा मनाई दिली. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १ रूल ८खाली जो प्रातिनिधिक दावा चालतो, तसाच हा प्रकार. मूळ प्रश्न आज ना उद्या सर्वोच्च न्यायालयापुढे जाईलच.

तुमचं मत मला हवं आहे. मुलाचा जन्म इथला असला तरी आईबापांची निष्ठा दुसऱ्या देशाशी, म्हणून त्याला अमेरिकन मानू नये, या युक्तिवादात कायद्याच्या दृष्टीने काही दम वाटतो का, ते सविस्तर लिहा. फोनवर नको, लिहूनच पाठवा, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोघांनाही वाचून दाखवता येईल. आणि मुक्ताचा मूळ जन्मदाखला नगरपालिकेतून नव्याने काढून पाठवायला दादाला सांगा, वकिलाने मागितला आहे.

आईला साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद असावेत.

तुमची,
नीता