कार्व्हरच्या गावाबद्दल पण लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतले काळे शेतीशास्त्रज्ञ डॉ. कार्व्हर यांच्यावरचा लेख वाचला, आवडला. शेंगदाणा आहे, रताळं आहे, शेतीचे धडे घेऊन शेतकऱ्यांच्या दारात जाणारी ती जेसप वॅगन पण आहे. आपल्याकडे कार्व्हर माहीत नाही असं वाचणारं घर सापडायचं नाही, मी स्वतः शाळेत शिकवायचे तेव्हा दरवर्षी मुलांना त्यांची गोष्ट सांगायचे. पण टस्कीगी लेखात एका ओळीत संपलंय, "टस्कीगीच्या संस्थेत ते रुजू झाले" एवढंच. मराठीत कार्व्हरवर जे जे येतं त्यात हे असंच होतं, म्हणून हे पत्र.

टस्कीगी म्हणजे नुसती संस्था नाही हो, ते गाव आहे. अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीचं मुख्य गाव, आपल्याकडचं तालुक्याचं गाव समजा, मधे चौक, चौकात कोर्ट, आजूबाजूला दुकानं आणि चर्चेस. वस्ती आजही दहा हजारांच्या आत. माझी लेक ऑबर्नला होती तेव्हा मी जाऊन आले, तिथून अर्ध्या तासावर आहे. १८३३ साली हे गाव वसलं, क्रीक आदिवासींकडून जमीन काढून घेतली त्याच्या पाठोपाठ. मग कापूस आला आणि कापसाबरोबर गुलाम आले.

आता संस्था कशी उभी राहिली बघा. लुईस अ‍ॅडम्स नावाचा माणूस, आधी गुलाम होता, शाळेत कधी गेला नाही पण लिहावाचायला शिकला, पत्र्याची कामं, जोडे, घोड्यांचे लगाम-खोगीर सगळं करायचा. काळ्या लोकांत त्याच्या शब्दाला वजन. निवडणुकीला उभा असलेला एक गोरा उमेदवार त्याच्याकडे मतं मागायला आला तर हा म्हणाला मतं देतो पण आमच्या लोकांसाठी शाळा पाहिजे. पैसा नको, पद नको, शाळा! राज्याने वर्षाला २००० डॉलर मंजूर केले, तेही फक्त शिक्षकांच्या पगाराला, जागा नाही की इमारत नाही. मग अ‍ॅडम्स आणि कॅम्पबेल नावाचे गावातले एक गोरे बँकर, जे स्वतः एकेकाळी गुलाम बाळगून होते, या दोघांनी पुढाकार घेऊन शिक्षक मागवला आणि आले बुकर टी. वॉशिंग्टन, वय पंचविशीचं. ४ जुलै १८८१ ला चर्चजवळच्या मोडक्या खोलीत शाळा सुरू झाली, पाऊस आला की एक विद्यार्थी हातातलं काम ठेवून सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. पुढे जमीन घेतली, इमारती बांधायला विटा मुलांनीच पाडल्या. तीन वेळा भट्टी फसली, पैसे संपले, तेव्हा वॉशिंग्टननी स्वतःचं घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकून चौथी भट्टी लावली. कार्व्हर आले ते १८९६ ला, म्हणजे हे सगळं होऊन पंधरा वर्षांनी. त्यांचं मोठेपण याने कमी होत नाही, पण ज्या जमिनीत ते रुजले ती कुणी तयार केली होती हे मुलांना कळायला नको का.

आणि खरी गोष्ट तर कार्व्हर १९४३ ला गेले त्याच्या नंतरची आहे, जी मला वाटतं मराठीत फारशी कुणी सांगितलेलीच नाही. मेकन काउंटीत दर पाच माणसांत चार काळे, पण मतदार यादी गोऱ्यांच्या हातात. नाव नोंदवायला गेलं की गोऱ्या मतदाराची हमी आणा म्हणायचे, कधी नोंदणी मंडळाचे सदस्यच राजीनामा देऊन बसायचे म्हणजे नोंदणीच बंद. संस्थेतल्या प्राध्यापकांना, दवाखान्यातल्या काळ्या डॉक्टरांनाही हेच सोसावं लागायचं! तरी चार्ल्स गोमिलियन नावाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक आणि त्यांची टस्कीगी सिव्हिक असोसिएशन वर्षानुवर्षं चिकाटीने एकेक नाव चढवत राहिले. काळे मतदार ४०० च्या आसपास झाले आणि गोऱ्यांना धास्ती बसली. १९५७ मधे राज्याच्या विधिमंडळाने काय केलं तर गावाची हद्दच बदलली. आधी साधा चौकोन होता, त्याचं २८ बाजूंचं वेडंवाकडं काहीतरी केलं, रेघ अशी फिरवली की चार-पाच सोडून सगळे काळे मतदार गावाबाहेर आणि गोरा मात्र एकही बाहेर नाही. संस्थासुद्धा गावाबाहेर गेली.

लोकांनी काय केलं? गोऱ्यांच्या दुकानात जाणं बंद केलं. घोषणा एकच, जे आपले मित्र त्यांच्याकडेच खरेदी करा. दगड नाही, जाळपोळ नाही, पिशवी घेऊन दुसऱ्या गावाला जायचं पण इथे साखरसुद्धा घ्यायची नाही. गावातली दुकानं बंद पडायला लागली. दुसरीकडे फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने (बसमधली जागा गोऱ्या माणसाला द्यायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांची केस लढवणारे तेच, आणि रोझा पार्क्स जन्माने टस्कीगीच्याच) केस सुप्रीम कोर्टापर्यंत नेली आणि १४ नोव्हेंबर १९६० ला नऊच्या नऊ न्यायाधीशांनी लोकांच्या बाजूने कौल दिला. १९६६ मधे याच काउंटीने ल्युशियस अ‍ॅमरसन हा काळा शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, निवडून दिला. पण त्याच वर्षी जानेवारीत सॅमी यंग या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला गावातल्या पेट्रोल पंपावर संडास वापरण्याच्या वादातून गोळी घातली आणि मारणारा निर्दोष सुटला, हेही याच गावात झालं, ते पण सांगायला पाहिजे.

टस्कीगीच्या वैमानिकांबद्दल (दुसऱ्या महायुद्धातले काळे वैमानिक) इथे लिहीत नाही, ते बऱ्याच जणांना माहीत आहे. पण सिफिलिसच्या त्या प्रयोगाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने काउंटीतल्या ६०० गरीब काळ्या पुरुषांना, त्यातल्या ३९९ जणांना हा आजार होता, तपासण्यांसाठी बोलवत ठेवलं आणि काय आजार आहे ते सांगितलं नाही, त्यावरचं औषध पेनिसिलिन आल्यावर तेही दिलं नाही. संस्थेने त्याला साथ दिली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या माणसांची केसही फ्रेड ग्रे यांनीच लढवली. १९९७ मधे अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. पण प्रयोग अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या खात्याचा आणि नाव कायमचं चिकटलं या छोट्या गावाला, याचं मला फार वाईट वाटतं.

कोर्टासमोरच्या चौकात आजूबाजूची बंद दुकानं बघून जीव तुटतो. त्याच चौकात यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैनिकाचा पुतळा १९०६ मधे बसवला, चौकाची जागा गोऱ्या बायकांच्या संघटनेला गोऱ्यांची बाग करायला दिली होती. आज गावात बहुतेक सगळे काळे, महापौर काळे, तरी बरीच वर्षं पुतळा काढता आला नाही कारण जागा कुणाची यावर कोर्टकचेरी चालली होती. २०२१ मधे माजी महापौर जॉनी फोर्ड स्वतः वर चढून करवतीने पुतळ्याचा पाय कापायला लागले होते!

तेव्हा विनंती आहे की ५ जानेवारीला, कार्व्हर यांच्या स्मृतिदिनी, पुढच्या वेळी या गावावर पूर्ण पान द्या. अ‍ॅडम्स, गोमिलियन, फ्रेड ग्रे ही नावं येऊ देत. आणि चित्र छापायचं तर नेहमीचा शेंगदाण्यांचा फोटो नको, गावाच्या जुन्या आणि नव्या हद्दीचा नकाशा छापा, तो १९६० च्या त्या निकालपत्राला जोडलेला आहे आणि सहज मिळतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली