आटे गेले म्हणजे ब्लॉक गेला असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात मुंबईहून परतताना कसारा घाटात माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचे इंजिन तापले आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक (खालचा मुख्य ओतीव भाग) आणि त्यावर बोल्टांनी बसणारे हेड यांच्या सांध्यातली पट्टी, बदलावे लागले. हेड पुन्हा बसवताना मात्र एक बोल्ट काही केल्या घट्ट होईना. पाना लावला की तो नुसता फिरत राही. बाहेर काढल्यावर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची बारीक तारेसारखी गुंडाळी अडकलेली दिसली, म्हणजे ब्लॉकमधले आटेच उपटून आले होते. गॅरेजवाल्यांनी ‘ब्लॉक गेला, नवा टाकावा लागेल’ असे सांगून जो आकडा दिला, तो गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर म्हणून माझी हयात गेली असल्याने मला ते पटले नाही. परंतु ज्याचा या कामाशी संबंध आलेला नाही, त्या गाडीमालकाने अशा वेळी काय करावे, या काळजीपोटी हे पत्र लिहीत आहे.

अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांचे ब्लॉक वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचे असतात आणि त्यांत बसणारे बोल्ट पोलादी असतात. पोलाद कठीण, ॲल्युमिनियम मऊ. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन एकदा अतोनात तापले की आट्यांवर मोठा ताण येतो, आणि त्यानंतर बोल्ट अंदाजाने आवळला तर आटे सुटतात. एक चूक तर मी स्वतः अनेकदा पाहिली आहे. बोल्टचे छिद्र तळाशी बंद असते, त्यात तेल किंवा कूलंट साचलेले असते आणि ते हवेच्या झोताने न काढताच बोल्ट घातला जातो. आत कोंडलेला द्रव दबत नाही. अशाने आटे जाणे तर सोडाच, ब्लॉकला तडाही जाऊ शकतो.

या बिघाडावर उपाय आहे आणि तो जुगाड नाही. उपटलेले छिद्र थोडे मोठे करून त्यात विशेष टॅपने (आटे पाडण्याच्या हत्याराने) नवे आटे पाडतात आणि स्टेनलेस पोलादाच्या तारेची गुंडाळी, म्हणजेच हेलिकॉइल, बसवतात. मूळ मापाचाच बोल्ट मग त्या गुंडाळीत बसतो. १० मिलिमीटर व्यासाच्या आणि दीड मिलिमीटर पिचच्या (म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराच्या) बोल्टसाठी ड्रिल सव्वादहा ते साडेदहा मिलिमीटरच्या दरम्यान लागते आणि ब्लॉकमधले नवे आटे सुमारे १२ मिलिमीटरचे होतात. पकड अधिक रुंद घेरावर विभागली गेल्यामुळे नीट केलेली ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा कमकुवत नसते, बहुधा मजबूतच असते. विमानांच्या ॲल्युमिनियमच्या भागांत तर अशा गुंडाळ्या नव्या भागांतच मुद्दाम बसवतात. जिथे भार फार मोठा असतो, तिथे गुंडाळीऐवजी अखंड पोलादी बुश (आतून-बाहेरून आटे असलेली जाड नळी) बसवणे मला अधिक योग्य वाटते.

अखेर माझे काम अंबडमधल्या एका लहान वर्कशॉपमध्ये झाले. तिथल्या मिस्त्रींनी प्रथम सिलिंडर आणि तेलाच्या वाटा ग्रीस लावलेल्या फडक्यांनी बंद केल्या, कारण ड्रिलचा किस आत गेला तर बेअरिंग खराब होतात. त्यांनी लेथवर ड्रिलला वाट दाखवणारा पोलादी बुश तयार करून तो एका जाड पट्टीत बसवला आणि ती पट्टी शेजारच्या दोन छिद्रांत बोल्ट घालून ब्लॉकवर पक्की केली, जेणेकरून ड्रिल बरोबर काटकोनात उतरावे. हाताने धरलेले ड्रिल जरासे कलले तरी बोल्ट तिरका बसतो आणि हेडवरचा दाब असमान होतो. मग रॉकेलचे थेंब टाकत, टॅप अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवत त्यांनी आटे पाडले. गुंडाळी पृष्ठभागाच्या किंचित खाली, पाव ते अर्धा फेरा आत ठेवली आणि तिचे खालचे शेपूट तोडून चिमट्याने बाहेर काढले. या सगळ्याला एक सकाळ लागली. हेडचे बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरू नयेत अशा प्रकारचे होते, म्हणून ते सगळे नवे घेतले आणि मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच (नेमून दिलेल्या जोराइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळले.

प्रत्येक ब्लॉक असा वाचतोच, असा माझा दावा नाही. छिद्राला तडा गेला असेल, किंवा त्याच्या आणि पाण्याच्या पोकळीच्या मधली भिंत पातळ असेल, तर दुरुस्तीचा आग्रह धरू नये. पण हे तपासून सांगावे, न तपासता नव्हे. छिद्रात चिकटद्रव्य भरून वेळ मारून नेणे किंवा दांडगाईने जाडा बोल्ट ठोकून बसवणे यांची भलामण तर मी मुळीच करणार नाही. तापलेल्या इंजिनाच्या दाबापुढे हेड बोल्टच्या जागी असे चिकटद्रव्य टिकत नाही.

ब्लॉक बदलण्यात पैशांखेरीज आणखीही एक गोष्ट गुंतलेली असते. इंजिन क्रमांक ब्लॉकवरच कोरलेला असतो आणि तोच आरसीवर नोंदलेला असतो, तेव्हा ब्लॉक बदलला की आरटीओतली नोंदही बदलून घ्यावी लागते. दुरुस्त होऊ शकणारा ब्लॉक भंगारात गेला, तर मालकाच्या मागे हा सगळा व्याप लागतो.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत टॅप, ड्रिल आणि लेथ हाताळण्यात आयुष्य घालवलेली शेकडो माणसे या शहरात आहेत. त्यांचे हे कौशल्य गॅरेजपर्यंत पोहोचावे अशी माझी कळकळीची इच्छा आहे. सातपूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने फिटर आणि मोटर मेकॅनिकच्या मुलांकडून भंगारातल्या ब्लॉकवर आटे उपटून पुन्हा बसवण्याचा भरपूर सराव करून घ्यावा. गॅरेजमालकांना माझी विनंती आहे की त्यांनी टॉर्क पाना आणि निदान ८, १० आणि १२ मिलिमीटरचे हेलिकॉइल संच जवळ ठेवावेत, आणि असे काम केल्यावर कोणत्या सिलिंडरजवळच्या कोणत्या छिद्रात कोणत्या मापाची गुंडाळी बसवली, हे बिलावर लिहून द्यावे. पुढच्या वेळी हेड उघडणाऱ्या मिस्त्रीला ते माहीत असणे आवश्यक आहे.

आपला,
एक निवृत्त फिटर
सिडको, नाशिक