दर चोवीस फ्रेमनंतर तोच दाणा: फिल्म ग्रेन प्लगइनबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष ग्रेन प्लगइनची रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

१२ जूनला मी तुमच्याकडून फिल्म ग्रेनचं, म्हणजे संगणकावरच्या चित्राला फिल्मसारखा दाणा चढवणारं, प्लगइन घेतलं. किंमत १४,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १७,११० रुपये. ‘प्रत्येक फ्रेमला नवा ग्रेन, अस्सल फिल्मसारखा’ हे तुमच्या जाहिरातीतलं वाक्य वाचून घेतलं. तक्रार त्याच वाक्याबद्दल आहे.

काम असं होतं. दादरच्या एका कुटुंबाकडे साठच्या दशकातलं १६ मिमीचं कृष्णधवल रीळ आहे. त्यात खोदादाद सर्कल दिसतं, रूळ दिसतात, पण ट्राम नेमकी नाही. ३१ मार्च १९६४च्या रात्री मुंबईत शेवटची ट्राम धावली, बोरीबंदरहून दादरला, आणि घरातल्या मंडळींना त्याच जागी एक ट्राम जाताना बघायची होती. (चित्राखाली ‘संगणकावर केलेली पुनर्रचना’ अशी पाटी टाकायची हे आधीच ठरलं होतं.) डबलडेकर ट्राम मी संगणकावर मॉडेल केली, रेंडर केली (म्हणजे मॉडेलवरून चित्रं काढली) आणि रिळात बसवली.

रेंडरमधली ट्राम कोरी करकरीत असते, आजूबाजूचं रीळ मात्र दाणेदार. १६ मिमीची चौकट जेमतेम १० मिमी रुंद, त्यामुळे पडद्यावर तिचा दाणा चांगलाच मोठा दिसतो. ट्रामवर तसाच ग्रेन चढवला नाही, तर ती वरून चिकटवल्यासारखी वाटते. म्हणून तुमचं प्लगइन.

लॅपटॉपवर सगळं झकास दिसलं. मग मंडळींना हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवलं. त्यांच्यात एक निवृत्त कॅमेरामन काका होते. दोनदा बघून झाल्यावर म्हणाले, “अहो, पडद्याला काही चिकटलंय का? टपाच्या वर तो ठिपका सारखा परत येतोय.” मी जवळ जाऊन पाहिलं. स्वल्पविरामासारखा एक काळा ठिपका, दर सेकंदाला, त्याच जागी, डोळा मारल्यासारखा. एकदा दिसला की मग ट्राम दिसेनाच.

घरी येऊन साधी चाचणी घेतली. सपाट राखाडी रंगाच्या ४८ फ्रेम, त्यावर फक्त तुमचा ग्रेन. पहिल्या फ्रेममधून दुसरी वजा केली, फरकात दाणे दिसले, म्हणजे इथवर ठीक. पहिल्यातून पंचविसावी वजा केली, तर चित्र पूर्ण काळं, म्हणजे दोन्ही तंतोतंत सारख्या. दुसऱ्यातून सव्विसावी, तेच. म्हणजे तुमच्याकडे एकूण २४ ग्रेन आहेत आणि तेच गोल फिरतात. ‘सीड’चा, म्हणजे ग्रेनचा नमुना बदलण्यासाठी असलेला, आकडा बदलून पाहिला. ७ टाकला तर सीड १ असताना सातवी असलेली फ्रेम पहिली येते. नवं काही तयार होत नाही, फक्त सुरुवात पुढे सरकते!

फिल्मवर असं होऊच शकत नाही. चांदीच्या क्षारांचे कण इमल्शनमध्ये, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाश टिपणाऱ्या थरात, वाटेल तसे विखुरलेले असतात आणि कॅमेऱ्यातून सरकणारी प्रत्येक फ्रेम म्हणजे इमल्शनचा नवा तुकडा. ग्रेन जिवंत वाटतो तो त्यामुळेच.

आणखी एक. ग्रेनने मूळ छटा कुठे उजळ व्हावी, कुठे गडद, पण सरासरी जागची हलू नये. तुमचं प्लगइन उजळपणाच्या शून्याखालच्या किमती कापून टाकतं, म्हणून गडद भागात फक्त उजळ दाणे शिल्लक राहतात. ट्रामच्या चाकांमधला अंधार त्यामुळे राख फासल्यासारखा झाला. मी १६ बिट फ्लोट ईएक्सआर या प्रकारच्या चित्रफाइलमध्ये काम करतो, त्यात ऋण किमती व्यवस्थित टिकतात, तेव्हा दोष माझ्या फाइलचा नाही. कृष्णधवल पर्यायातही लाल-निळ्याची हलकी झाक राहते, पण ती मी रंग काढून निस्तरली.

तुमच्या विभागाला तीन ईमेल केले. पहिलं उत्तर: संगणक रीस्टार्ट करा. दुसरं: प्लगइन पुन्हा इन्स्टॉल करा. दोन्ही केलं. तिसरं उत्तर असं की ग्रेन ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे. चहात साखर किती, ही आवडीची बाब. दर कपात तीच माशी, ही नव्हे.

शेवटी मी रिळातल्याच मोकळ्या आभाळाचा तुकडा घेतला, त्यातून त्याचीच ग्रेन काढलेली प्रत वजा केली आणि उरलेले खरे दाणे ट्रामवर चढवले. दोन रात्री गेल्या. काकांनी पुन्हा पाहिलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पास.

१५ दिवसांत पूर्ण १७,११० रुपये परत करावेत आणि जाहिरातीतलं ते वाक्य काढावं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, हे उत्तर मला चालणार नाही, काम देऊन झालं आहे. रक्कम न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी इथे मुंबईतच, जिल्हा आयोगात तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथे ती करता येते.

सोबत बिल (लायसन्स क्रमांक त्यावर आहे), चाचणीच्या ४८ फ्रेम आणि पहिल्या व पंचविसाव्या फ्रेममधल्या फरकाचं चित्र जोडलं आहे. ते उघडल्यावर फाइल बिघडली असं समजू नका. ते काळंच आहे.

कळावे,
आपला एक ग्राहक
दादर, मुंबई